बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर? पहिल्या मिनिटाचं काम समजून घ्या

बहुतेक बाळं जन्मली की आपोआप रडतात. पण शंभरातल्या पाच ते दहा बाळांना श्वास सुरू व्हायला मदत लागते. ती एका मिनिटाच्या आत मिळायला हवी. तालुक्याहून डॉक्टर येईपर्यंत थांबता येत नाही. बाळंतपण करणाऱ्या सिस्टरलाच हे काम यावं लागतं.

सिस्टर काय करते?
आधी बाळाला कोरड्या, उबदार कापडाने पुसते. रडत नसेल तर मान जराशी मागे करते, घाण अडकली असेल तर आधी तोंड, मग नाक साफ करते आणि पाठ चोळते. तरीही श्वास नसेल तर तोंडानाकावर मास्क बसवून अंबू बॅगने मिनिटाला 40 ते 60 वेळा हवा देते. छाती वर उचलली जाते का, ते बघायचं. बाळाला उलटं धरून चापट्या मारू नयेत, त्याने इजा होते.

एकदा शिकून भागत नाही
केंद्र सरकारने 2009 मध्ये 'नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम' सुरू केला. त्यात हे दोन दिवसांत शिकवतात. पण लहान केंद्रात बाळंतपणं मोजकीच, न रडणारं बाळ तर क्वचित. हाताची सवय मोडते. म्हणून बाहुलीवर अधूनमधून सराव हवा. अंबू बॅगही कपाटात कुलपात नको, टेबलाजवळ हवी.

गडचिरोलीने दाखवलं
डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना बाळाचा श्वास सुरू करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांत नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. आज आशाताई बाळ बघायला घरी येते, त्यामागे हाच अनुभव आहे.

बाळ रडलं, मग?
बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घालावं. नाळ 1 ते 3 मिनिटांनी कापतात. तिला हळद, तेल, राख काही लावू नये. तासाभरात चीक पाजावा, तो पिळून टाकू नये. पहिल्या दिवशी आंघोळ नको.

घरी आल्यावर बाळ दूध ओढेना, अंग गार पडलं किंवा छाती आत ओढली जाऊ लागली तर लगेच 108 ला फोन करा. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत.