पडदा : दारावरचा आणि खिडकीवरचा

शहरांतील सुशिक्षित कुटुंबानें नव्या जागेंत बिऱ्हाड थाटलें कीं, खुर्च्या-टेबलांची मांडणी झाल्यावर दिवाणखान्याच्या पडद्यांचा प्रश्न निघतो. कापड सुती असावें कीं रेशमी, रंग निळा बरा कीं पिवळा, फुलांची नक्षी शोभेल कीं साधी रेघ, याची चर्चा चार-चार दिवस चालते. परंतु पडदा कशासाठीं लावावयाचा, हें क्वचितच कोणी विचारतो. त्याचें उत्तर सर्वांस ठाऊकच आहे, असें गृहीत धरलेलें असतें. वस्तुतः तें उत्तर काळाबरोबर बदलत आलेलें आहे. महाराष्ट्रांतील नागर घरापुरतें बोलावयाचें तर पडदा प्रथम घरांतील दारावर होता; खिडकीवर तो बराच अलीकडे आला. दारापासून खिडकीपर्यंतचें अंतर फार तर चार पावलांचें. पण तेवढ्या अंतरांत एका समाजाच्या घरगुती जीवनाचा इतिहास सांठविलेला आहे.

वस्तु जुनी आणि तिचीं नांवें अनेक. अमरकोशांत प्रतिसीरा, जवनिका आणि तिरस्करिणी हे तीन शब्द एकाच ठिकाणीं दिलेले आहेत. तिरस्करिणी म्हणजे दृष्टीआड करणारी. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत कालिदासानें हिमालयांतील गुहांच्या दारांशीं लोंबणाऱ्या मेघांस हेंच नांव दिलें आहे. तेव्हां दाराशीं पडदा सोडण्याची रीति त्याच्या श्रोत्यांस परिचित होती, हें उघड आहे. 'यवनिका' या शब्दावरून कांहीं युरोपियन पंडितांनीं भारतीय नाटकाचा संबंध ग्रीकांशीं जोडून पाहिला. इतरांनीं मूळ शब्द 'जवनिका' हाच असून यवनांशीं त्याचें कांहीं नातें नाहीं, असें प्रतिपादन केलें. मराठींत कायमचा स्थिरावलेला 'पडदा' मात्र फारसी भाषेंतून आला. त्याच्या मागोमाग तंबूभोंवतीं उभारण्याची कनात आली आणि बांबूच्या कामट्यांची चिकही आली. अबुल फज्ल यानें 'ऐन-इ-अकबरी'त बादशाही छावणींतील डेऱ्यांचें आणि कापडी भिंतींचें सविस्तर वर्णन केलें आहे. त्या कापडी भिंतींचा उपयोग ऊन-वारा अडविण्यापुरता नव्हता. कोणी कोठपर्यंत यावें आणि कोणी बाहेरच थांबावें, हें त्या भिंती सांगत. दरबारांत आणि छावणींत पडदा हा मानमरातबाचा भाग होता.

मराठी घरांतील पडद्याचा विचार वाड्यापासून करावा लागतो. पुण्याचा शनिवारवाडा १७३० सालीं बांधावयास घेतला आणि १७३२ सालीं त्याची वास्तुशांति झाली. १८२८ सालच्या आगींत आंतील लांकडी इमारती जळून गेल्या. तरी त्याच्या भव्य तटावरून आणि पेठांतून उरलेल्या लहानमोठ्या वाड्यांवरून त्या काळच्या घराची ठेवण कळते. वाडा हा अंतर्मुख असे. रस्त्याकडे जाड भिंत, त्यांत मोठा दरवाजा. आणि उजेड-वारा यावयाचा तो आंतल्या चौकांतून. रस्त्याच्या बाजूस ज्या खिडक्या असत, त्यांना लांकडी किंवा लोखंडी गज आणि जाड झडपा असत. कांचेची तावदानें दुर्मिळ होतीं. झडप लोटली कीं काम होई. खिडकीस पडद्याची गरजच नव्हती.

पडदा लागे तो आंत, दारावर. सोपा आणि दिवाणखाना हीं पुरुषांचीं स्थानें. तेथें गादी, लोड, तक्के, वर हंड्या-झुंबरें. तेथेंच कारभार, हिशेब, मसलती आणि गाण्याच्या बैठकी होत. माजघर आणि स्वयंपाकघर हें बायकांचें राज्य. राजघराण्यांत आणि सरदारघराण्यांत गोषा पाळला जाई आणि बाहेर निघावयाचें तर मेण्यालाही पडदा असे. ब्राह्मण कुटुंबांत गोषा नव्हता, हें खरें. पण म्हणून माजघरांतील सून दिवाणखान्यांत येऊन बसत असे, असें नाहीं. तेथें कापडाचा पडदा नसला तरी उंबरठा पडद्याचें काम करी. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं त्यांच्या शिकण्यास केलेला विरोध वर्णिलेला आहे. न्यायमूर्तींसारखा पति पाठीशीं असतांही हा विरोध वर्षानुवर्षें सोसावा लागला. दारावरचा पडदा कापडाहून किती जाड होता, याची कल्पना त्यावरून येते.

येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्या देशांत खिडकीला पडदा लावण्याचें फारसें कारण नव्हतें, त्याच देशाच्या कापडानें युरोपांतील घरें सजविलीं. तिकडे थंडी कडाक्याची. कांचेच्या खिडक्या आणि पलंग यांभोंवतीं ऊब राखण्यासाठीं जाड पडदे लागत. सतराव्या शतकांत भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील मच्छलीपट्टणकडचें रंगीत सुती कापड तेथें पोंचलें. तुरटीनें कापड तयार करून घेऊन त्यावर मुळांचा तांबडा रंग आणि नीळ चढविण्याची भारतीय रंगाऱ्यांची विद्या अशी होती कीं, कापड कितीही वेळां धुतलें तरी रंग उतरत नसे. युरोपांतील कारागिरांस तें तेव्हां साधलें नव्हतें. आपल्या 'चीट' या शब्दाच्या घराण्यांतलाच इंग्रजी 'चिंट्झ' हा शब्द. आणि पलंगपोशाचें तिकडे 'पालमपोर' झालें. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स यानें १६६३ सालीं आपल्या बायकोच्या खोलीच्या भिंती मढविण्यासाठीं असें भारतीय चीट विकत घेतल्याची नोंद केली आहे.

या कापडाची लोकप्रियता तेथील विणकरांच्या पोटावर आली. फ्रान्सनें १६८६ सालीं छापील सुती कापडावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडच्या पार्लमेंटनें १७०० सालीं एक कायदा केला. तो पुरेसा होईना, म्हणून १७२१ सालीं दुसरा, अधिक कडक कायदा केला. अंगावरील वस्त्रांबरोबर घरांतील पडदे आणि बिछायतीही त्याच्या कक्षेंत आल्या. पुढें इंग्लंडांत छापलेल्या सुती कापडास मोकळीक मिळाली, तरी भारतीय कापडावरील बंदी उठली नाहीं. सुप्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक याच्या पत्नीस कलकत्त्याहून भेट आलेले चिटाचे पलंगपडदे १७७५ च्या सुमारास जकात अधिकाऱ्यांनीं जप्त केले आणि ते सोडविण्यासाठीं गॅरिकला अर्जविनंत्या कराव्या लागल्या. ते पडदे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहेत. एका पडद्यासाठीं सरकारें कायदे करतात आणि नामांकित माणसें अर्ज करतात, यावरून त्या कापडाचें मोल कळावें.

पुढें चक्र उलटें फिरलें. यंत्रें आलीं. नॉटिंगहॅम येथें १८४६ सालीं जॉन लिव्हसे यानें जाळीदार पडद्यांचें यंत्र सिद्ध केलें आणि हातानें महिनोन् महिने विणावयाची जाळी वारावारी निघूं लागली. मँचेस्टरच्या छापील कापडानें भारतांतील बाजार भरून गेले. साहेबाच्या बंगल्यांत, मग साहेबाचें अनुकरण करणाऱ्या श्रीमंतांच्या घरांत, खिडक्यांना झालरीचे पडदे लागले. मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं स्थापन केलेली गिरणी १८५६ सालीं चालूं झाली आणि देशी गिरण्यांचा पाया घातला गेला. इचलकरंजींत १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला. ऑक्टोबर १९०५ मध्यें पुण्यांत विलायती कापडाची होळी झाली. ३१ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत परळ येथें गांधीजींच्या हस्तें त्याहून मोठी होळी झाली. या चळवळीनें कापडाची निवड ही केवळ आवडीची बाब राहिली नाहीं. ज्या घरांत खादीचा पडदा लागला, त्या घराचें मत दारांत पाय ठेवण्यापूर्वींच कळूं लागलें.

तथापि सामान्य मध्यमवर्गीयांच्या खिडकीवर पडदा आणण्याचें श्रेय ना साहेबाला, ना गिरणीला. तें मुंबईच्या दाटीला आणि एका रोगाला द्यावें लागतें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. ज्या चाळींत सूर्यकिरणांचा प्रवेश नव्हता, जेथें एका खोलींत सगळें कुटुंब राही आणि नवविवाहितांसाठीं दोरीवर टाकलेलें जुनें लुगडें हाच काय तो आडपडदा असे, तेथें त्यानें कहर केला. डाउन्स आणि ब्लंट या दोघां इंग्रज संशोधकांनीं १८७७ सालींच सूर्यप्रकाशानें सूक्ष्म जंतूंची वाढ खुंटते, असें दाखविलें होतें. उजेड आणि वारा ही आतां हौसेची नव्हे, जिवाची बाब ठरली. १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टानें पुढें घरांसाठीं साडेत्रेसष्ट अंशांचा नियम अवलंबिला. खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशीं साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करतां कामा नये, असा तो नियम. सोप्या भाषेंत, समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नसावी.

या ट्रस्टानें आखलेल्या दादर-माटुंगा भागांत पुढील तीस-चाळीस वर्षांत स्वतंत्र ब्लॉकांच्या इमारती उभ्या राहिल्या. वाड्याचा चौक गेला. घराचें तोंड रस्त्याकडे वळलें. खिडक्या मोठ्या झाल्या, त्यांना कांचा आल्या, घरांत विजेचे दिवे आले. उजेड आला, वारा आला आणि त्यांच्याबरोबर शेजाऱ्याची नजरही आली. रात्रीं दिवा लागला म्हणजे समोरच्या गॅलरीला आपल्या पानांतली भाजी दिसूं लागली. तेव्हां पडद्यानें खिडकी गांठली.

त्याच काळांत तो दारावरून उतरत होता. दोन खोल्यांच्या ब्लॉकांत पुरुषांचा दिवाणखाना आणि बायकांचें माजघर असे भाग पाडणें अशक्य होतें. पण कारण केवळ जागेच्या टंचाईचें नव्हतें. मुली शाळेंत जात होत्या. पुण्यांत १९०९ सालीं सेवासदन निघालें होतें. जानेवारी १९२७ मध्यें पुण्यांतच अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें आणि त्याच्या अध्यक्षस्थानीं बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या. गोषाच्या घराण्यांतील स्त्री हजारों स्त्रियांच्या वतीनें सभेंत बोलते, याचा अर्थ माजघराच्या दारावरचा पडदा आतां फार दिवस टिकणार नव्हता. पाहुणे आले असतां गृहिणीही त्याच खोलींत खुर्चीवर बसूं लागली. ज्या पडद्यानें पूर्वीं घरांतल्या माणसांना घरांतल्याच माणसांपासून वेगळें केलें, तो आतां सगळ्या कुटुंबाला मिळून रस्त्यापासून आडोसा देऊं लागला. पडद्याच्या इतिहासांतील हा सर्वांत मोठा पालट होय.

दिवाणखान्यासाठीं पडदा निवडतांना हा पालट ध्यानीं ठेवला म्हणजे पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात. खिडकी मोठी केली ती उजेडासाठीं. तेव्हां तो उजेड कायमचा बुजविणारा पडदा हा खिडकीचा वैरीच. पूर्वेच्या खिडकीस पातळ सुती कापड पुरे, कारण सकाळचें ऊन हवेंसें असतें. पश्चिमेच्या खिडकीस अस्तर लावलेलें दाट विणीचें कापड हवें; अस्तरानें तिसऱ्या प्रहरचें ऊन अडतें आणि मूळ कापडाचा रंगही विटत नाहीं. मुंबईच्या आणि कोंकणच्या दमट हवेंत मखमलीसारखें जड कापड पावसाळ्यांत ओल धरतें आणि त्यास बुरशी येते. धुऊन लवकर वाळेल असेंच कापड तेथें उपयोगी. पडद्याची रुंदी खिडकीच्या सुमारें दुप्पट धरावी, म्हणजे चुण्या चांगल्या पडतात. सुती कापड शिवण्यापूर्वीं भिजवून वाळवावें, नाहीं तर पहिल्याच धुण्यांत पडदा वीतभर वर चढतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे कड्या दांडीवरून सहज सरकाव्यात. लहान मुलालाही पडदा एका हातानें बाजूस करतां आला पाहिजे.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण आजच्या घरांत तीच विसरली जात आहे. १९४१ सालीं इंग्लंडांत शोधून काढलेल्या पॉलिएस्टर धाग्याचे पडदे आज सर्वत्र झाले आहेत. ते चुरगळत नाहींत, विटत नाहींत आणि धुण्याचा त्रासही थोडा. हे त्यांचे गुण नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु खोली गार करणारीं यंत्रें आल्यापासून पुष्कळ घरांत खिडकी आणि पडदा हीं दोन्ही दिवसभर बंदच असतात. भर दुपारीं दिवा लावून माणसें बसतात. प्लेगच्या पिढीनें जो उजेड इतक्या सायासानें मिळविला, तो त्यांच्या पणतवंडांनीं हौसेनें बाहेर ठेवला आहे. समोरच्या बिऱ्हाडांत कोण राहतें, हेंही मग ठाऊक नसतें. शेजारी आजारी पडला तरी कळत नाहीं.

लग्नांत वधूवरांच्या मध्यें अंतरपाट धरतात. मंगलाष्टकें चालूं असेपर्यंत तो घट्ट धरलेला असतो आणि मुहूर्ताची वेळ येतांच बाजूस सारला जातो. तो मुळींच धरला नाहीं तर विधि अपुरा राहील आणि सारलाच नाहीं तर लग्न लागणार नाहीं. घराच्या पडद्याचाही न्याय हाच आहे. रंग आणि नक्षी ज्याच्या त्याच्या आवडीनें निवडावी. मात्र दुकानांत कापड हातीं घेतांना, हा पडदा दिवसाचे किती तास उघडा राहणार आहे, एवढें घरच्या मंडळींनीं एकमेकांस विचारून घ्यावें.