सिंदखेडकर जाधवांचें समाधिस्थान

सिंदखेड राजा (जि. बुलढाणा) येथील राजे लखुजी जाधव यांची घुमटदार समाधि पाहाणारा प्रवासी बहुधा तिच्या आकारानेंच दिपून जातो. एवढी मोठी हिंदु समाधि दुसरी नाहीं, असेंही सांगण्यांत येतें. हा मोजमापाचा वाद आम्हांस गौण वाटतो.

घराण्याचें समाधिस्थान म्हटलें म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली जागा डोळ्यांपुढें येते. संगम माहुलीस सातारकर छत्रपतींच्या समाध्या अशाच क्रमानें झाल्या. सिंदखेडच्या समाधीच्या मुळाशीं मात्र एकच दिवस आहे. ता. २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादेच्या किल्ल्यांत निजामशहानें लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांस दगा देऊन मारविलें. लखुजी पूर्वीं एकदां मोंगलांस जाऊन मिळाले होते व पुढें निजामशाहींत परतले होते. तो संशय शहाच्या मनांतून गेला नसावा. देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणविणाऱ्या या कुळाचा घात देवगिरीवरच व्हावा, हा योग विलक्षण खरा.

कवींद्र परमानंदानें शिवभारतांत हा वध वर्णिला आहे. त्याच ग्रंथांत खंडागळ्यांच्या हत्तीवरून जाधव-भोसल्यांत झालेली चकमकही आली आहे. तींत लखुजींचे पुत्र दत्ताजी व शहाजीराजांचे चुलतबंधु संभाजी पडले. सासर व माहेर यांच्या अशा वैराचा चटका सोसलेल्या जिजाबाईंवर हा दुसरा आघात झाला, तेव्हां शिवराय उदरांत होते. जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. शहाजीराजेही लौकरच निजामशाही सोडून मोंगलांकडे गेले. बखरकारांच्या ओघांत शिवजन्मापुढें हा वध झांकला जातो. आमच्या मतें दोन्ही प्रसंग एकत्र वाचल्याशिवाय त्या वर्षाचा उलगडा होत नाहीं.

वध दौलताबादेस, समाधि सिंदखेडास. जेथें जिजाबाईंचा जन्म झाला तो वाडाही याच गांवीं. म्हणून ही इमारत वैभवाची खूण न मानतां मागें राहिलेल्या आप्तांनीं आपल्या वतनभूमींत दिलेली साक्ष मानावी.

इ. स. २०२४ मध्यें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळानें समाधीच्या डागडुजीचें काम चालविलें असतां परिसरांत कांहीं दगड दृष्टीस पडले. उत्खनन करितां प्रथम शिवमंदिराचे अवशेष व पुढें सुमारें १.७० मीटर लांबीची शेषशायी विष्णूची मूर्ति सांपडली. लक्ष्मी पाय चुरीत आहे, आसनावर समुद्रमंथन कोरलें आहे. मूर्ति समाधीहून कित्येक शतकें जुनी दिसते. अर्थात् जाधवांनीं आपल्या मृतांसाठीं निवडलेली भूमि ओसाड माळ नव्हती. देवळांच्या जुन्या वस्तीशेजारींच त्यांनीं समाधीचा चौथरा घातला.