आइसब्रेकर (प्रशिक्षण)

आइसब्रेकर किंवा परिचय-खेळ म्हणजे प्रशिक्षणवर्गाच्या आरंभी अपरिचित प्रशिक्षणार्थींमधील संकोच दूर करण्यासाठी घेतला जाणारा छोटा उपक्रम होय. संकोच मोडणे या अर्थी 'बर्फ फोडणे' असा इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्यावरून हे नाव पडले. शेजाऱ्याची ओळख करून देणे, समान आवडीनुसार गट पाडणे हे त्याचे प्रचलित प्रकार आहेत.

गोंदिया जिल्ह्यातील देवरी हा छत्तीसगढच्या सीमेलगतचा तालुका आहे. तेथे मराठीबरोबर गोंडी व हिंदीही बोलल्या जातात. अशा ठिकाणी अधिकारी व कर्मचारी एकाच वर्गात बसले, की पदाइतकाच भाषेचाही संकोच आड येतो. स्वतःच्या बोलीत उत्तर देण्याची मोकळीक असल्यास तो ओसरतो. खासगी माहिती सांगण्याची सक्ती केल्यास मात्र तो वाढतो. म्हणून सहभाग ऐच्छिक ठेवणे इष्ट मानले जाते.