एकोणिसाव्या शतकातील भारतीय फ्रीमेसन : पदवीक्रम आणि प्रवेशाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास लिहिताना परमहंस सभा, प्रार्थना समाज आणि सत्यशोधक समाज हा क्रम आता रूढ झाला आहे. याच शतकात मुंबईत एतद्देशीयांमध्ये रुजलेल्या फ्रीमेसन संघटनेचा उल्लेख मात्र सहसा तळटीपेपुरताच येतो. तिच्याभोवतीचे गूढ हे त्याचे एक कारण असावे. तिच्या वास्तूला लोक ‘जादूघर’ म्हणत. गूढाचा भाग बाजूला ठेवला, तर तिच्या इतिहासात एक गंभीर सामाजिक प्रश्न दडलेला दिसतो. आत आलेल्या प्रत्येकाला एकाच क्रमाने वर चढविणारी ही रचना वंशभेद आणि जातिभेद यांपुढे कितपत टिकली, या प्रश्नाचा प्रस्तुत निबंधात विचार केला आहे.

फ्रीमेसनांच्या पहिल्या ग्रँड लॉजची लंडनमधील स्थापना परंपरेने १७१७ मध्ये मानली जाते. अलीकडील काही संशोधक ती १७२१ पर्यंत पुढे नेतात. लॉज म्हणजे येथे उतरण्याची जागा नव्हे, तर सभासदांची स्थानिक शाखा. संघटनेचे सारे विधी गवंड्याच्या व्यवसायावर बेतलेले असून मूळ पदव्या तीनच आहेत : शिकाऊ, सहकारागीर आणि निष्णात कारागीर. इंग्लंडच्या प्रचलित पद्धतीनुसार पहिल्या पदवीत चोवीस इंची मोजपट्टी, हातोडा व छिन्नी ही साधने समजावून दिली जातात. दुसऱ्या पदवीत गुण्या, पाणसळ व ओळंबा. आणि तिसऱ्या पदवीत आखणीची दोरी, पेन्सिल व कंपास. मोजपट्टी दिवसाच्या चोवीस तासांची आठवण देते, ओळंबा सरळ आचरणाची, तर पाणसळ समानतेची. तिसऱ्या पदवीत सॉलोमनच्या मंदिराचा प्रमुख कारागीर हिराम याच्या मृत्यूची कथा उमेदवारालाच नायक करून सादर केली जाते. पहिल्या प्रवेशाच्या वेळी उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि अंगावरील पैसा व धातूच्या वस्तू काढून घेतलेल्या असतात. श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येकाने रिकाम्या हातानेच आत यावे, हा त्यामागील हेतू होय.

पायऱ्यापायऱ्यांनी वर जाण्याची कल्पना सोलापूरच्या वाचकाला परकी वाटू नये. वीरशैव परंपरेतील षट्स्थलात भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य अशी सहा स्थळे सांगितली आहेत. तलाव खोदून आणि अडुसष्ट लिंगांची स्थापना करून सोन्नलिगे नगरीला क्षेत्राचे रूप देणाऱ्या सिद्धरामांनाही कल्याणला गेल्यावर चन्नबसवण्णांकडून इष्टलिंगदीक्षा घ्यावी लागली, असे परंपरा सांगते. बाहेरचा अधिकार कितीही मोठा असला तरी आतला आरंभ दीक्षेनेच होतो, एवढे साम्य येथे निश्चित आहे. भेदही तितकाच मोठा आहे. षट्स्थल ही साधकाची अंतर्गत वाटचाल आहे. फ्रीमेसनांमध्ये मात्र उमेदवाराचा प्रवेश सभासदांच्या गुप्त मतदानावर, म्हणजे पेटीत पडणाऱ्या पांढऱ्या व काळ्या गोळ्यांवर, अवलंबून असे. एतद्देशीयांची खरी अडचण पायऱ्यांवर नव्हती. ती या पेटीपाशी होती.

माणकजी करसेटजी (१८०८-१८८७) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी पुढे संस्था काढणाऱ्या या पारशी गृहस्थांना मुंबईच्या युरोपीय लॉजचे दार बंद राहिले. युरोपच्या प्रवासात पॅरिसमधील एका लॉजने त्यांना दीक्षा दिली. नियमाप्रमाणे ते आता जगातील प्रत्येक फ्रीमेसनाचे बंधू झाले होते. मुंबईस परतल्यावर मात्र या बंधूला येथील युरोपीय लॉजने सभासद करून घेतले नाही. पदवी हाती होती, पण ती मान्य करणारी सभा नव्हती! यातून मार्ग काढला तो स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजतर्फे पश्चिम भारताचे प्रमुख असलेले वैद्यकीय अधिकारी जेम्स बर्न्स यांनी. त्यांच्या पुढाकाराने १५ डिसेंबर १८४३ रोजी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज एतद्देशीयांसाठी सुरू झाले. माणकजी त्याचे चिटणीस झाले आणि पुढे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले.

या घटनेचे वर्णन बहुधा उदारमतवादाचा विजय म्हणून केले जाते. ते अर्धेच खरे आहे. समानतेचे तत्त्व मोडू नये म्हणून दीक्षा दिली गेली आणि युरोपीयांची बैठक मोडू नये म्हणून वेगळे दालन दिले गेले. तथापि त्या दालनाचा उपयोग पारशी व मुसलमान सभासदांनी आपल्या पद्धतीने करून घेतला, हेही विसरता येत नाही. सभा चालविणे, मतदान घेणे, हिशेब ठेवणे आणि वर्षाअखेरीस अधिकारपद सोडून खाली उतरणे यांचा सराव त्यांना येथे मिळाला. प्राच्यविद्यापंडित खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी १८७७ मध्ये मुंबईतील एतद्देशीयांच्या फ्रीमेसनरीवर स्वतंत्र व्याख्यान प्रसिद्ध केले, यावरून ती तोवर किती स्थिरावली होती याची कल्पना येते.

हिंदूंचा प्रश्न याहून लांबला. अनेक देवतांना मानणारा मनुष्य एका परमेश्वराच्या नावे शपथ कशी घेणार, हा मुख्य आक्षेप होता. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये सुरू केलेला प्रयत्न १८७२ मध्ये यशस्वी झाला. एकदा दार उघडल्यावर क्रम कसा चालत असे, हे त्याच शहरातील नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढील स्वामी विवेकानंद, यांच्या तारखांवरून दिसते. ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये १९ फेब्रुवारी १८८४ रोजी पहिली, १५ एप्रिलला दुसरी आणि २० मे रोजी तिसरी पदवी त्यांना मिळाली. दोन पदव्यांत किमान चार आठवड्यांचे अंतर हवे, हा इंग्लिश नियम येथे पाळलेला दिसतो. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांचे वडील वारले आणि घरावर कर्जाचे संकट आले. पदवीक्रम मात्र चालू राहिला.

उरला तो जेवणाचा प्रश्न. विधीनंतरचे सहभोजन हा फ्रीमेसन बैठकीचा भाग असे. रुडयार्ड किपलिंग यांना १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये दीक्षा मिळाली. तेथील मिश्र बंधुभावावरील त्यांच्या ‘द मदर लॉज’ या कवितेतही, कोणाची जात बाटू नये म्हणून मेजवानी टाळली जात असल्याचा उल्लेख आहे. विधीच्या जागेवर पाणसळ लागत होती, पंक्तीला लागत नव्हती.

मुंबईच्या परमहंस सभेने १८४९ मध्ये नेमका उलटा मार्ग धरला, हे येथे नोंदविले पाहिजे. दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण यांच्या या गुप्त मंडळीत चढत्या पदव्यांचे अवडंबर नव्हते. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पिणे हीच तिची प्रवेशपरीक्षा होती. फ्रीमेसनांनी जे टाळले, तेच येथे उंबरठ्यावर मांडलेले होते. दोन्ही संस्थांची गुप्तताही वेगळी होती. फ्रीमेसनांच्या खुणा व संकेतशब्द गुप्त असत, परंतु त्यांच्या पदाधिकाऱ्यांची नावे उघडपणे छापली जात आणि त्या नावांना प्रतिष्ठा मिळे. परमहंस सभेला सभासदांची नावेच लपवावी लागत. १८६० च्या सुमारास तिची कागदपत्रे चोरीस गेली, नावे उघड होण्याची भीती पसरली आणि सभा विस्कटली.