एका शेअरचे पांच

एका भाकरीचे चार चतकोर केले तरी पोट भरायचें तेवढेंच भरतें. ही गोष्ट लहान मुलालाहि सांगावी लागत नाहीं. परंतु शेअरबाजाराचें गणित निराळें असतें. एखादी कंपनी आपल्या एका शेअरचे दोन किंवा पांच शेअर करणार, अशी नुसती कुणकुण लागली कीं भाव चढूं लागतो. वास्तविक या विभाजनानें कंपनीच्या मालमत्तेंत दमडीची भर पडत नाहीं, कीं भागधारकाचा नफ्यांतील वांटा वाढत नाहीं.

या वेडाचा ऐन बहर न्यूयॉर्कनें १९२८-२९ सालीं पाहिला. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीचा शेअर तेव्हां बाजाराचा मोठा लाडका होता. १९१९ सालीं स्थापन झालेली ही कंपनी कांहीं पोकळ नव्हती. नभोवाणीचें यंत्र अमेरिकेंत घरोघर शिरत होतें, आणि कर्ण्यापुढें बसलेल्या कुत्र्याच्या चित्रानें प्रसिद्ध झालेली व्हिक्टर कंपनीहि तिनें १९२९ सालीं पदरांत पाडून घेतली. उणीव एकच, पण ती लहान नव्हे: साध्या शेअरवर तिनें तोंवर एक सेंटहि लाभांश वांटला नव्हता. तरीहि मार्च १९२८ च्या आरंभीं साडेचौऱ्याण्णव डॉलरला मिळणारा तिचा शेअर वर्ष संपण्यापूर्वींच चारशेंच्या वर जाऊन आला.

चारशें डॉलर ही रक्कम कारकुनाच्या आवांक्याबाहेरची. १९२९ च्या फेब्रुवारींत एकाचे पांच शेअर झाले, आणि शेअर सामान्य माणसाच्या हाताशीं आला. त्यांतूनहि भावाचा कांहीं हिस्सा तेवढा रोख भरावयाचा व बाकीचे पैसे दलालाकडून कर्जाऊ घ्यावयाचे, ही सोय होतीच. विभाजनानें कंपनी मोठी झाली नाहीं; गिऱ्हाइकें मात्र वाढलीं. मार्च महिन्यांत मायकेल मीहान नांवाच्या दलालाच्या हातून एका धनिकमंडळानें खरेदी-विक्रीचा धडाका उडवून भाव चढविला, आणि थोड्याच दिवसांत सुमारें ५० लाख डॉलर नफा गांठीं मारून तें मंडळ बाजूस झालें. पुढें सेनेटच्या चौकशींत हें उघडकीस आलें. त्या वेळच्या कायद्यानें मात्र असलीं मंडळें बेकायदेशीर नव्हतीं.

३ सप्टेंबर १९२९ रोजीं नव्या शेअरचा भाव १०१ डॉलर होता. जुन्या हिशेबानें ५०५. १३ नोव्हेंबरला तो २८ वर आला, आणि १९३२ सालीं अडीच डॉलरपर्यंत घसरला. कर्जानें घेतलेले शेअर दलालांनीं केव्हांच विकून आपले पैसे वसूल केले होते. बुडाला तो ज्याची पुंजी पहिल्या हप्त्यांतच संपली होती तो.

फामा, फिशर, जेन्सन व रोल या चार अर्थशास्त्रज्ञांनीं १९२७ ते १९५९ या काळांतील ९४० विभाजनें तपासून १९६९ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. सरासरीनें पाहतां भावाची असाधारण वाढ विभाजनापूर्वींच होऊन गेलेली असे. मागाहून येणाऱ्याच्या हातीं विशेष कांहीं लागत नसे. त्या वाढीच्या मुळाशीं लाभांश वाढेल ही आशा होती, आणि जेथें ती फळली नाहीं तेथें भाव पुन्हां उतरला. रेडिओ कंपनीच्या साध्या शेअरधारकांस पहिला लाभांश मिळाला तो १९३७ सालीं.