मालाडचा सिनेमा आणि नायगावची सभा

विहाराच्या वर्धापनदिनाला रात्री पटांगणात सिनेमा दाखवायची आपली जुनी रीत आहे. पूर्वी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचो, मध्येच कॅसेट अडकायची, पोरं ओरडायची. आता प्रोजेक्टर आहे, पण कोणता सिनेमा लावायचा यावरचा वाद काही गेला नाही. यंदा एका कॉलेजच्या मुलाने सुचवले, ‘अछूत कन्या’ लावू या, आपल्याच समाजावरचा जुना सिनेमा आहे. जुनी मंडळी म्हणाली, तो आपला नव्हे. दोघांचेही म्हणणे आम्हाला विचार करण्यासारखे वाटले. म्हणून या स्मरणिकेसाठी हा लेख.

गोष्ट १९३६ सालची. मुंबईत मालाडला बॉम्बे टॉकीज ही मोठी कंपनी होती, हिमांशु राय यांची. दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन नावाचे जर्मन गृहस्थ, नायिका देविका राणी, नायक अशोककुमार. त्यांनी ‘अछूत कन्या’ काढला आणि तो चालला. कस्तुरी ही रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य रखवालदाराची मुलगी. प्रताप ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा. प्रतापच्या बापाला साप चावतो तेव्हा कस्तुरीचा बाप स्वतः विष चोखून त्याचा जीव वाचवतो. तिथून दोन्ही घरांचा घरोबा. मुलांचे प्रेम जुळते, पण लग्न होत नाही. दोघांची लग्ने आपापल्या जातीत लागतात. शेवटी फाटकावर मारामारी होते, गाडी येत असते आणि ती थांबवायला धावलेली कस्तुरी गाडीखाली जाते. फाटकाजवळ तिचे स्मारक उभे राहते.

त्या काळात असा विषय पडद्यावर आणायला धाडस लागत होते, हे आम्ही नाकारत नाही. सनातनी घरातला प्रेक्षकही अस्पृश्य मुलीसाठी रडला असेल. पण नीट बघा, ही मुलगी करते काय? ती सोसते, त्याग करते आणि मरते.  तिच्या जातीची माणसे एकत्र येत नाहीत, सभा घेत नाहीत, कुणाला जाब विचारत नाहीत. जीव वाचवणारा खालचा, तरीही तो खालीच. दया दाखवायची, पण सत्ता आहे तिथेच ठेवायची. कस्तुरी जगली असती तर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर कुणालाच द्यावे लागले नाही, कारण गाडी वेळेवर आली.

आता त्याच वर्षी त्याच मुंबईत दुसरे काय चालले होते ते पाहू. आदल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, पण भाषण वाचून मंडळी घाबरली. ते भाषण बाबासाहेबांनी मे १९३६ मध्ये स्वतःच्या खर्चाने छापले. तेच ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’. आणि मे महिन्याच्या अखेरीस दादरला नायगावात महार परिषद भरली. तिथे धर्मांतर का करायचे हे त्यांनी समाजापुढे मांडले. ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने ते भाषण आपल्या घराघरात आहे. गिरणीतून सुटून आलेली, गोदीत ओझी वाहणारी, गावाकडून आलेली माणसे आपल्या भविष्याचा निर्णय स्वतः करायला बसली होती. मालाड ते दादर, लोकलचा प्रवास. पण पडद्यावरच्या अस्पृश्याने नायगावचे नावही ऐकले नव्हते.

हे मुद्दाम कट करून झाले असे आम्हाला म्हणायचे नाही. सिनेमावाल्यांचे हेतू चांगलेच असतील. पण ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याला आपल्या अंगणातून दिसते तेवढेच दिसते. शिवाय तिकीट घेणारा आणि भांडवल घालणारा दुखावून चालत नाही. वर इंग्रज सरकारची कात्री होतीच. १९३५ साली प्रभातने संत एकनाथांवर सिनेमा काढला, बालगंधर्व एकनाथ झाले होते. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’. सेन्सॉरने ते चालू दिले नाही, म्हणून ‘धर्मात्मा’ झाले. एका शब्दाची सरकारला एवढी धास्ती, मग अख्ख्या समाजाच्या बंडाचे काय विचारता!

वर्तमानपत्रांची तऱ्हा याहून निराळी नव्हती. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, ही गोष्ट बाबासाहेबांनी पुढे नमूद करून ठेवली आहे. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती म्हणून ते पत्र उभे राहिले. पुढे १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९३० ला ‘जनता’, आणि १९५६ ला ‘जनता’चेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. दुसऱ्याच्या पत्रात आपली बातमी कशी येते हे पुरते कळल्यावरच माणूस स्वतःचा छापखाना काढतो.

पण ज्याला वाचता येत नव्हते त्याचे काय? त्याच्यासाठी जलसा होता. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच साज घेतला, ढोलकी, तुणतुणे, सवाल-जवाब, आणि आतला माल बदलून टाकला. गणपतीच्या गणाची जागा भीमाच्या गौरवाने घेतली, कृष्ण-गवळणीच्या ठिकाणी शाळा, दारू, मेलेली ढोरे ओढणे असले विषय आले. वीज नको, तिकीट नको. चावडीसमोर कंदील टांगला की झाले. आमच्या आजोबांच्या पिढीने राजकारण इथेच शिकून घेतले. या जलशांची फिल्म कुणी काढून ठेवली नाही याची हळहळ वाटते. सिनेमाच्या इतिहासाच्या जाड पुस्तकांत ‘अछूत कन्या’ला पाने मिळतात, जलशाला ओळ मिळाली तरी नशीब.

स्वातंत्र्य आले, नागपूरची दीक्षा झाली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९५९ ला, बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. नूतनचे काम अप्रतिम, त्यात वाद नाही. नाव तर थेट आपल्या खीर देणाऱ्या सुजातेचे. भिक्खू आनंद आणि चांडालिकेची कथाही त्यात येते. पण नायिकेला धीर मिळतो तो गांधीजींच्या पुतळ्यापाशी, आणि सांभाळणाऱ्या आईला ती मनापासून लेक वाटते केव्हा, तर स्वतःचे रक्त देऊन तिचा जीव वाचवल्यावर. कस्तुरीने प्राण दिला, सुजाताने रक्त दिले. तेवीस वर्षांत एवढी सूट मिळाली म्हणायची. १९५६ ला लाखो लोकांनी जे केले त्याची साधी चाहूलही त्या घरात पोचत नाही.

मग १९८२ चा ‘गांधी’. अ‍ॅटनबरो साहेबांचा, आठ ऑस्कर मिळालेला. त्यात आपल्या सरकारच्या चित्रपट महामंडळाचाही पैसा होता. तीन तासांहून मोठ्या सिनेमात बाबासाहेब एकदाही नाहीत. पुणे करार नाही. हा सिनेमा जगभर गेला. तिकडच्या कितीतरी लोकांना भारताचा स्वातंत्र्यलढा म्हणजे तेवढाच माहीत. खोटे दाखवावे लागले नाही, नुसते वगळले की काम भागले.

जब्बार पटेलांनी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ केला, मामुट्टी बाबासाहेब झाले आणि १९९८ सालचा अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. पटांगणात तो लावला तेव्हा चवदार तळ्याच्या प्रसंगाला बायका उभ्या राहिल्या होत्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आणि मग नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, २०१३ चा. जब्या आणि त्याच्या घरचे मेलेले डुक्कर काठीला बांधून नेताना शाळेच्या भिंतीवरून जातात, भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र आहे. कुणी काही बोलत नाही. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो थेट आपल्याकडे, बघणाऱ्याकडे येतो. कस्तुरीच्या हाती कधी दगड आला नव्हता. हा कॅमेरा गावकुसाच्या आतून बघत नाही, बाहेरून बघतो, एवढाच फरक. पण सगळा सिनेमा त्याने बदलतो. कुणी म्हणेल, एक-दोन सिनेमांनी काय होते? खरे आहे, पैसा आणि थिएटरे अजून कुणाच्या हाती आहेत ते आम्ही जाणतो.

तर कार्यकारिणीने शेवटी त्या मुलाचे ऐकले. यंदा ‘अछूत कन्या’च लावायचा. मात्र सिनेमा संपल्यावर दिवे लावून, कुणी उठायच्या आत, ‘मुक्ती कोन पथे?’ मधली काही पाने वाचली जातील. वाचन तोच मुलगा करणार आहे. वेळ रात्री साडेसातची, सतरंज्या घरून आणाव्यात.