कृष्टी व संस्कृती
भूमीची मशागत व मनाची जडणघडण यांना एकाच शब्दात गुंफणारा अर्थविस्तार लॅटिन भाषेत स्पष्ट दिसतो. ‘कोलेरे’ या क्रियापदाचे जमीन कसणे, वसती करणे व पूजणे असे तिन्ही अर्थ होते. त्यापासून बनलेला ‘कुल्तूरा’ हा शब्द मूळचा शेतीचा. इ. स. पू. ४५ च्या सुमारास सिसरोने तत्त्वज्ञानाला मनाची मशागत मानले. सुपीक शेतही कसल्यावाचून पिकत नाही, हा त्याचा दृष्टांत. पुढे एडवर्ड टायलर याने १८७१ मध्ये ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा व रूढी यांचा समावेश करून या संज्ञेला समाजव्यापी अर्थ दिला.

संस्कृतातील ‘कृष्’ म्हणजे नांगरणे. त्याच्याशी जोडला जाणारा ‘कृष्टी’ हा शब्द ऋग्वेदात लोक वा जन या अर्थी येतो. बंगालीत तो ‘कल्चर’साठी योजला गेला, पण रवींद्रनाथ टागोरांना तो रुचला नाही. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चतर्जी यांना १९२२ मध्ये पॅरिस येथे एका महाराष्ट्रीय मित्राकडून मराठीत रूढ असलेला ‘संस्कृती’ हा शब्द कळला व टागोरांनी तो पसंत केला. ऐतरेय ब्राह्मणात शिल्पांच्या संदर्भात आलेला हा शब्द भारदस्त खरा. मात्र त्यात नांगराची खूण उरली नाही. ‘सुसंस्कृत’ म्हणताना शेतकरी सहसा डोळ्यांपुढे येत नाही, ही त्या निवडीची किंमत होय. मराठीत ती खूण ‘मशागत’ या शब्दात टिकली. कष्ट या अर्थाच्या अरबी ‘मशक्कत’पासून आलेला हा शब्द शेताइतकाच मनालाही लावला जातो.